गेटपर्यंत

फेलिसाने आणलेलं पांढऱ्या फुलांचं चक्र शवपेटीला टेकलं न टेकलं, तोच बेनिल्डाने ते उचललं आणि बाहेर नळाशेजारी, भांडी घासायच्या दगडावर नेऊन ठेवलं. परत येऊन ती नवऱ्याच्या पेटीजवळच्या आपल्या खुर्चीत बसली. पाहुणीला बस म्हणाली नाही.

पेटीच्या काचेखाली मारियानो इस्त्रीच्या शर्टात पडला होता. अंगणात ताडपत्रीखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या जवळजवळ सगळ्या रिकाम्या होत्या. एरवी या गावात मयताच्या घरी दफनापर्यंत माणसांचा राबता असतो, पत्त्यांचे डाव रंगतात, कॉफीची किटली खाली उतरत नाही. इथे पत्त्यांचा जोड न फोडलेला पडला होता. शेजारीण पुरा तेवढी कलिंगडाच्या बिया सोलत बसली होती.

फेलिसा आरान्देस अर्धं आयुष्य पडद्यावर रडली. आधी छळलेली सून म्हणून, मग टाकलेली आई म्हणून. देशातल्या निम्म्या बायकांनी तिच्या रडण्यावर आपलं रडून घेतलं. मग चेहरा सुटला आणि साबणाच्या जाहिरातीपलीकडे तिला कोणी विचारेना. अशात हा सिनेमा आला. याच गावातला, बेनिल्डाच्या पोराचा खून, फक्त नावं बदललेली. पोलिसांनी गल्लीत गोळ्या घातलेला ट्रायसिकल रिक्षा चालवणारा पोरगा, आणि त्याला पोलिसांच्या हवाली करणारी आई. आईने हवाली केल्याचा पुरावा कोणाकडेच नव्हता. पण थरारपटाला शेवटी धक्का लागतो, आणि आईइतका स्वस्त धक्का दुसरा मिळत नाही. काहींनी सिनेमावर बंदी मागितली, परदेशात कोणीतरी फेलिसाला बक्षीस दिलं, आणि दोन्हींमुळे तिकीटबारीवर रांग लागली.

"ताई, मी माफी मागायला आलेय," फेलिसा म्हणाली.

"कॅमेरा कुठाय?" बेनिल्डाने विचारलं.

"एकटीच आलेय."

"मग कशाला मागतेस? बघायला कोणी नाही."

"बसून मागू दे की," पुरा म्हणाली. "खुर्च्या ढीगभर आहेत. हिच्याच कृपेने."

फेलिसा उभीच राहिली. माफी पदरात पाडून घ्यायला ती आली होती, आणि इथे ती द्यायला कोणी तयार नव्हतं.

"त्या शेवटच्या सीनला मी नको म्हणाले होते," ती म्हणाली.

हे खरं होतं. सिनेमात पोराची पेटी घरात असताना ती आई उठते आणि पोलिसांना हसत गेटपर्यंत सोडायला जाते. इथे दफन होईपर्यंत मयताच्या घरचं माणूस पाहुण्याला सोडायला उठत नाही. उठलंच, तर मरण त्या पाहुण्याच्या मागोमाग त्याच्या घरी जातं. हे शेंबडं पोरही जाणतं. फेलिसाने दिग्दर्शकाला तसं सांगितलं होतं. "म्हणूनच तर हवंय," तो म्हणाला होता. "घरात मयत झालंय असं जिला वाटतच नाही, तीच बाई उठेल." मग फेलिसाने ते हसू आरशासमोर बसवलं. नको म्हणणं तिथेच संपलं. बक्षीस त्याच हसण्याला मिळालं.

"पोराची पेटी इथं होती तेव्हा पोलीस आले होते," बेनिल्डा म्हणाली. "इथंच उभे होते, तू उभी आहेस तिथं. मी या खुर्चीतून हलले नाही. मला मोरीत न्यायलासुद्धा पुरा लागायची. विचार तिला."

पुराने मान डोलावली.

"सिनेमा आला आणि माझे सुमान घ्यायचं गाव थांबलं. केळीच्या पानात गुंडाळलेला भात, त्याला काय विष लागतं? मारियानोला रिक्षास्टँडवर रोज विचारायचे, काय रे, बायको आज कोणाला सोडायला गेली? एक दिवस तो तिथेच खाली बसला. उठला नाही."

"मी टीव्हीवर सांगेन. ते सगळं खोटं होतं म्हणून सांगेन."

"सांग. मारियानो ऐकेल."

फेलिसाच्या पर्समध्ये फोन वाजला. तिने तो न बघताच बंद केला.

"मुलीचा?" बेनिल्डाचा आवाज एकदम मऊ झाला. "टीव्हीवर सांगत होतीस. पहिलंच ना? कितवा?"

"नववा लागलाय."

"वा."

फेलिसाने मारियानोपुढे क्रूसाची खूण केली आणि अंगण ओलांडू लागली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"बेनिल्डा," पुरा म्हणाली. "खाली बस. वेड लागलंय का तुला?"

बेनिल्डा थांबली नाही. सपाता फरफटत ती खुर्च्यांच्या मधून आली, फेलिसाच्या पुढे झाली आणि तिने गेटची कडी काढली.

"नका येऊ ताई. मी जाते माझी."

"असं कसं? गावाला माहितीय, मी सोडायला जाते. तूच दाखवलंस." तिने गेट सताड उघडलं आणि ती हसली. हसू थेट तेच होतं, डावीकडून आधी सुटणारं. "जा. मुलगी वाट बघत असेल."

बाहेर ड्रायव्हरने गाडीचं दार उघडून धरलं. फेलिसाचा एक पाय उंबऱ्याच्या सिमेंटवर होता. तिने तो परत अंगणात घेतला.

बेनिल्डा बराच वेळ गेट धरून उभी राहिली. मग हात दुखला असेल, तिने ते सोडलं आणि घरात जाऊन आपल्या खुर्चीत बसली.

फेलिसा मागे वळली आणि कडेच्या एका रिकाम्या खुर्चीत बसली. तिने फोन लावला.

"मी आज येत नाही," ती मुलीला म्हणाली. "नाही, तब्येत बरी आहे. इथून निघता येत नाहीये."

पुराने तिच्यापुढे कॉफीचा कप आदळला.

"दफन रविवारी आहे," ती म्हणाली. "पत्ते येतात का तुला?"