पाच कातऱ्यांचं चाक

गेवराईच्या मोंढ्यासमोर रुद्रप्पांचा फ्लेक्स लागला, त्यात तशी चूक काही नव्हती. फोटो रुद्रप्पांचाच होता. शुद्धलेखनही फ्लेक्सच्या मानानं बरं होतं. ‘देशाच्या संसदेत नाव गाजवल्याबद्दल गेवराईचे भूमिपुत्र, माजी नौसैनिक मा. रुद्रप्पा यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : सोमनाथ आणि मित्रमंडळ.’ खाली मित्रमंडळाचे एकोणीस चेहरे, मागं निळा समुद्र आणि समुद्रात एक युद्धनौका. नौका परदेशी होती, पण ते ओळखणारी माणसं आख्ख्या तालुक्यात दोनच. एक खुद्द रुद्रप्पा आणि दुसरा उमापूरचा बंकट.

नाव गाजलं होतं हेही खरं. कशाबद्दल गाजलं, तेवढं सोमनाथनं वाचलं नव्हतं. ‘संसदीय समितीच्या अहवालात गेवराईचे माजी नौसैनिक’ हा मथळा बघून तो तडक फ्लेक्सवाल्याकडं गेला. तिथं वाढदिवसांची रांग होती. रांगेत नंबर लावायचा की बातमी पुरी वाचायची, यात त्यानं नंबर लावला. सोमनाथला पंचायत समिती लढवायची होती आणि तो रुद्रप्पांचा पुतण्याही होता, त्यामुळं दोन्ही कर्तव्यं एका फ्लेक्सात उरकत होती.

बंकटच्या हाती पेपर चार दिवसांनी पडला, पण त्यानं मात्र बातमी पुरी वाचली. मेंढ्या वाड्याबाहेर काढायच्या खोळंबल्या, तरी वाचली.

समितीचं म्हणणं असं होतं, की ‘वज्रकंठ’ ही नौका पन्नाशीला टेकली. तिची चार वेळा मोठी दुरुस्ती झाली, आणि प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जास्त खर्च झाला. आता पाचव्या दुरुस्तीचा प्रस्ताव आलाय. तो मंजूर करायचा की नौका भंगारात काढायची, हे ठरण्याआधी मागच्या दुरुस्त्यांचं काय झालं ते कळावं. आणि पुढं एक परिच्छेद. सत्त्याण्णव साली इंजिनखोलीतले दोनशे चौदा व्हॉल्व्ह दुरुस्त केल्याच्या कागदावर तेव्हाच्या इंजिनखोली प्रमुखाची सही आहे, पण कामाची नोंदवही सापडत नाही. ‘सबब, सदर दुरुस्ती केवळ कागदावर झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

अहवालात नाव नव्हतं, हुद्दा होता. हुद्द्यामागचा माणूस बीडच्या वार्ताहरानं शोधून काढला होता.

बंकटनं ते वाक्य तीनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“काय झालं?” रतनबाईनं चुलीपुढनं विचारलं.

“चीफला चोर म्हनलेत.”

“कोन?”

“दिल्ली.”

“मंग त्या फ्लेक्सवर अभिनंदन कावून लिवलंय? आपली संगीता कालच बघून आली.”

बंकटनं धोतर बदललं आणि एसटी धरली.

बंकट धनगराचा. एकोणिसाव्या वर्षी औरंगाबादला भरतीच्या रांगेत उभा राहिला तो सैन्याची रांग समजून. उंची मोजली, छाती मोजली आणि पाठवलं समुद्रावर. त्याच्या आधी त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातली गोदावरी, आणि तीही बापानं लांबूनच दाखवलेली. वीस वर्षं नोकरी करून तो परत आला तेव्हा गावानं त्याचं नाव ‘आरमार’ ठेवलं. त्याच्या ज्ञानाचा गावाला उपयोग तेवढा झाला नाही. नदीत वाळू उपसणाऱ्यांची बोट बुडाली की मात्र माणूस यायचा, “आरमार, जरा चला की.” बंकट म्हणायचा, “माझी नौका पाच मजली व्हती. तुमची टमटम हाय.” आणि जायचा नाही.

पाच मजल्यांतल्या सगळ्यात खालच्या मजल्यावर तो राहिला. वर आकाश होतं म्हणे, बंदर होतं, सलामी होती. खाली इंजिनखोली होती. तिथं उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळा बीडचा एप्रिल. वाफेचा आवाज असा, की माणसं ओठ बघून बोलायची. आणि त्या सगळ्यावर चीफ रुद्रप्पा. लिंगायत वाण्याचा मुलगा, गळ्यात इष्टलिंग, मासा शिजला की ताट घेऊन दुसऱ्या टोकाला जाऊन बसणारे. पहाटे पाळीवर येताना कपाळाला विभूती असायची आणि तासाभरात तिच्यावर तेलाचा थर. नवख्या बंकटला पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “कुठला बे?”

“उमापूर.”

“गेवराईतलं?”

“व्हय.”

रुद्रप्पांनी हातातला पाना खाली ठेवला. “मंग आता रडायचं न्हाई,” ते म्हणाले. “आपल्या तालुक्याचं नाव जाईल.” बंकट तोवर रडत नव्हता. चीफनं मराठी बोलल्यावर मात्र रडला.

एसटी गेवराईला पोचली. रुद्रप्पांच्या किराणा दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. बंकट वाकून आत गेला. चौऱ्याहत्तर वर्षांचे रुद्रप्पा शेंगदाण्याच्या पोत्याआड बसले होते. समोर शटरखालून फ्लेक्सचे दोन बांबू दिसत होते.

“कावून आलास बे?”

“सहज.”

“उमापूरहून सहज कुनी येत न्हाई.” रुद्रप्पा पोत्यावरून हात फिरवत राहिले. “तीन दिवस झाले. लोक पेढे मागत व्हते. कालच्याला गहिनीनाथ मास्तरनं पुरी बातमी वाचली. तेव्हापासून कुनी पेढे मागत न्हाई. नमस्कार करतेत आन बाजूनं जातेत.”

“वही कुठं गेली, चीफ?”

“गोदीतल्या गोदामात. छत गळत व्हतं. उरलेलं वाळवीनं वाचलं.” ते थांबले. “पंचेचाळीस वर्षं मी कुठं खोटी सही केली न्हाई, बंकट. दुकानाच्या बिलावरबी न्हाई. आता सिद्ध कशानं करू? दोनशे चौदा व्हॉल्व्ह काय साक्षीला येनार हायेत?”

बंकट थोडा वेळ शेंगदाणे निवडत बसला. मग म्हणाला, “येतेल की.”

“काय?”

“साक्षीला. चाकं हायेत ना अजून.”

रुद्रप्पांनी मान वर केली.

गोष्ट अशी होती. बंकटला लिहिता यायचं, पण इंग्रजीत लिहायला बसला की एका व्हॉल्व्हला एक पाळी लागायची. पितळी बिल्ले वाफेनं गळून पडायचे, रंगाच्या खुणा पुसायच्या. दिवे गेले की कुठला व्हॉल्व्ह दुरुस्त झालाय आणि कुठला नाही, कळायचं नाही. तेव्हा बंकटनं बापाची रीत काढली. बापाच्या कळपात आजारातून उठलेल्या मेंढीच्या कानाला कडेवर एक बारीक कातरा घालायचे. डाव्या कानाला कातरा म्हणजे पोटाचं दुखणं, उजव्या म्हणजे खुराचं. अंधारात कळपात शिरावं, कान चाचपावा, मेंढीची सगळी कुंडली बोटाला कळते. बंकटनं कानस घेतली आणि व्हॉल्व्हच्या चाकाच्या कडेला तेच केलं. चाकावरच्या दिशादर्शक बाणाच्या डावीकडं कातरा म्हणजे गळती थांबवणारं पॅकिंग बदललं, उजवीकडं म्हणजे आतली बैठक घासून नीट केली. पाळी संपली की तो चाकं चाचपत सांगायचा आणि रुद्रप्पा वहीत लिहायचे. वही नंतरची होती. मूळ नोंद चाकावर होती.

“अरे,” रुद्रप्पा म्हणाले. त्यांनी शटर वर ओढलं आणि गल्ल्यातून पत्राचा कागद काढला.

पत्र सुरेख इंग्रजीत गेलं. महिनाभरानं उमापुरात एक पांढरी सरकारी गाडी आली. गाडीवर नौदलाची पाटी होती, पण पाटी वाचायला कुणी थांबलं नाही. नदीच्या वाटेवरची वाळूची तीन टिप्परं आपोआप शेतात वळली.

गाडीतून लेफ्टनंट कमांडर मोहिनी उतरल्या. तिशीतल्या, पांढऱ्या गणवेशातल्या. ‘वज्रकंठ’ बांधली तेव्हा त्यांच्या आईचं लग्न व्हायचं होतं. बंकट बनियनवर होता, तरी ताठ उभा राहिला. रुद्रप्पा सकाळीच येऊन बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

ड्रायव्हरनं मागून गोणपाट काढलं. त्यातून सात चाकं निघाली, जुन्या ताटाएवढी.

“सगळी उतरवणं शक्य नव्हतं,” मोहिनी मॅडम म्हणाल्या. “पण वहीची दोन पानं गोदामात सापडलीत. या सात चाकांची नोंद त्यावर आहे. तुम्ही वाचा, मी ताडून बघते. चालेल ना, काका?”

“डोळे बांधा,” बंकट म्हणाला.

“त्याची गरज नाही.”

“मला हाय. डोळ्यानं वाचलं तर चुकंल.”

रतनबाईनं टॉवेल बांधला, आणि जरा जास्तच घट्ट बांधला. अंगणात पन्नासेक माणसं जमली होती, त्यात मेंढ्याही. बंकटनं पहिलं चाक मांडीवर घेतलं. लोखंड गार होतं. इतक्या वर्षांत त्यानं ते कधी गार पाहिलं नव्हतं. अंगठा कडेवरून फिरला आणि एकदम बंकट अंगणात नव्हताच. तो खाली होता, आवाजात, घामात, आणि कुणीतरी ओठांनी विचारत होतं, झालं का बे.

“ह्ये डाव्या पंपाचं,” तो म्हणाला. “पॅकिंग एकदा. बैठक एकदा.”

कागद सळसळला. “बरोबर.”

“ह्ये त्याच्या शेजारचं. नुसतं पॅकिंग. ह्याच्यात माझं बोट कापलतं, ते वहीत नसंल.”

“नाही,” मोहिनी मॅडम म्हणाल्या. “बाकी बरोबर.”

सहा चाकं झाली. सहाही जुळली. रुद्रप्पांचा श्वास बंकटला ऐकू येत होता. पोत्याआड अडकलेला श्वास आता मोकळा चालला होता.

सातवं चाक हातात आलं. अंगठा फिरला आणि थांबला. बंकटनं टॉवेल वर केला.

“यावर पाच दिसतायत, काका. पानावर दोनच आहेत.”

“पानं किती सालची?”

“सत्त्याण्णवची.”

“मंग बरोबर. बाकी तीन पुढची. अठ्ठ्याण्णव सालचे दोन, नव्व्याण्णवचा एक.”

“एकच व्हॉल्व्ह, तीन वर्षांत पाच वेळा?”

रुद्रप्पा खोकले. हा खोकला बंकटला ठाऊक होता. इंजिनखोलीत साहेब जिना उतरायला लागला की चीफ असे खोकायचे, आणि मग कुणी जादा बोलायचं नाही. चीफला काय म्हणायचंय ते त्याला कळलं. माझं नाव राखलंस, आता नौकेचं घालवू नको. पाचवी दुरुस्ती अजून ठरायचीय.

घरात भिंतीवर ‘वज्रकंठ’चा फोटो होता, देवाच्या शेजारी. त्याला उदबत्तीचा धूर लागून लागून समुद्र पिवळा झाला होता. तीन कातरे कानस निसटून पडले, एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. पण कातरा निसटून पडतो म्हटलं, की दोनशे चौदा चाकांवरचा कुठलाच कातरा खरा राहत नाही. आणि तो खरा नाही, तर चीफची सहीही नाही.

“मॅडम,” बंकट म्हणाला, “आमचा बाप तीन कातऱ्यांच्या पुढं मेंढी ठेवत नव्हता. चौथ्यांदा पडली की म्हनायचा, आता हिला औषध घालणं म्हंजे चांगल्या मेंढीचा चारा हिला घालणं. नौकेत तीनच्या पुढं गेलेली चाकं लई हायेत. निम्म्याच्या वर. मला म्हाईत व्हतं. मी कातरत गेलो. कानस माझ्या हातात व्हती, निर्णय न्हवता.”

मोहिनी मॅडमनी लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं आणि बंकटची सही घेतली. त्यानं मराठीत केली.

गाडी गेल्यावर रुद्रप्पा बराच वेळ चहाची बशी फिरवत बसले. “बुडवलंस तिला,” ते म्हणाले.

“व्हय.”

“माझ्यापायी.”

“तुमच्यापायी न्हाई, चीफ. कातऱ्यापायी.”

रुद्रप्पांनी चहा संपवला. “बैठक मात्र तू झकास घासायचास बे,” ते म्हणाले, आणि दोघांनीही दुसरीकडं पाहिलं.

चार महिन्यांनी समितीचा पुढचा अहवाल आला. या वेळी सोमनाथनं तो पुरा वाचून घेतला, गहिनीनाथ मास्तरांकडून. त्यात लिहिलं होतं : ‘समितीची खात्री पटली आहे की सदर दुरुस्त्या प्रत्यक्षात झाल्या होत्या, आणि त्या होण्याची आवश्यकता नव्हती.’ पाचवा प्रस्ताव फेटाळला. ‘वज्रकंठ’ तोडायला गेली. सोमनाथनं जुना फ्लेक्स उतरवून नवा लावला. मजकूर तोच ठेवला, कारण आता तो खरा होता.

जुना फ्लेक्स रुद्रप्पा स्वतः उमापूरला घेऊन आले. मेंढ्यांच्या वाड्यावर छप्पर नव्हतं, तो तिथं ताणला. मेंढ्या आता रुद्रप्पांच्या आणि एकोणीस चेहऱ्यांच्या सावलीत उभ्या राहायच्या. फ्लेक्स बांधून झाल्यावर रुद्रप्पा आत शिरले. एका कोपऱ्यात टिकली नावाची म्हातारी मेंढी वेगळी बांधली होती. पुढ्यात हिरवा घास, अंगावर पोतं, शेजारी औषधाची बाटली. बंकट उकिडवा बसून तिचा कान धरून होता. हातात कात्री.

रुद्रप्पांनी वाकून कान चाचपला. बोट कडेवरून सरकत गेलं. एक, दोन, तीन.

“आन ह्यो ताजा चौथा?”

“काल रात्री लई वाईट व्हती,” बंकट म्हणाला. “आज उठली. घास खाल्ला.”

“बापाचा नियम काय सांगतो बे?”

बंकटनं कात्री पुसून खिशात घातली आणि टिकलीच्या अंगावरचं पोतं नीट केलं.

“तुमी दिल्लीला कळवू नका,” तो म्हणाला.