सहा सेंटिमीटर

शिडीवर चढून तिने खांबावरची डबी उघडली, नखाएवढ्या रडार चिपभोवतीचा ओलावा टिपला आणि झाकण पुन्हा लावलं. आत काहीच बिघडलेलं नव्हतं. तेच वाईट होतं.

चिप तिनेच आखलेली. वरून लहरी सोडायची, बर्फाच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या जमिनीवरून परतणारे पडसाद टिपायची, त्यावरून खोली सांगायची. चाचणीसाठी तिने माहेरचं परसदार निवडलं, कारण तिथल्या आकड्यांच्या उभ्या पट्टीवर बाबा तीस वर्षं रोज सकाळी बर्फ मोजत आले होते. मोजलं की फोन करून तिला आकडा सांगत. दोन महिने चिप आणि बाबा तंतोतंत जुळले. मग एका मंगळवारपासून चिप रोज सहा सेंटिमीटर जास्त सांगू लागली.

"तुझे बाबा चुकणारे नव्हते. चिपच भरकटलीय," साहेब म्हणाले होते. "शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर हे डिझाइन बाद."

बाबांना जाऊन महिना झाला होता. रोजच्या आकड्यांच्या वहीत शेवटपर्यंत त्यांचंच अक्षर होतं.

आई खाली शिडी धरून उभी होती.

"उतर आता. थंडीने लाकूड झालंय माझं. आजचा आकडा हवाय ना?" तिने उभ्या उभ्या पट्टीकडे नजर टाकली. "शहाऐंशी."

मोबाइलवर चिप ब्याण्णव म्हणत होती.

ती उतरली. बाबांनी शिकवल्याप्रमाणे गुडघे टेकून तिने डोळे बर्फाच्या पातळीला आणले. पट्टीभोवती वाऱ्याने खळगा कोरला होता. आईने खळग्याच्या तळाचा आकडा वाचला होता. आजूबाजूच्या सपाटीशी पट्टी ब्याण्णवच दाखवत होती.

"आई, तू कधीपासून मोजत होतीस?"

आई शिडी मिटू लागली.

"त्यांना उठवेना तेव्हापासून. मी आकडा सांगायचे, ते पडल्या पडल्या लिहायचे. आणि तुला फोन लावताना आवाज कसा खणखणीत! नाटकी मेले. म्हणायचे, पोरीचं काम ऐन रंगात आलंय, तिला कशाला घोर लावतेस."

"मंगळवार होता?"

"तुला कुणी सांगितलं?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने चाचणीची फाइल उघडली. चिपच्या आकड्यांना हात लावला नाही. मोजणाऱ्याच्या रकान्यात त्या मंगळवारपासून आईचं नाव घातलं.

त्या सकाळी फोनवर तिने बाबांना एवढंच विचारलं होतं, "आज किती?"