बिनविस्तवाची धुनी

तिसगावापासून कोसभर आत, खडकाळ माळावर, संत्र्याचं एक वठलेलं झाड आहे. गेल्या सहा वर्षांत त्याला पान फुटलं नव्हतं, फळ तर लांबच राहिलं. तरीही वैशाखातल्या एका गुरुवारी सकाळी त्या झाडाखाली चार-पाचशे माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि त्यांच्या डोक्यांवरून नुकत्याच सोललेल्या संत्र्याचा वास वाहत होता.

झाडाच्या बुंध्याशी अमृतबाबा बसले होते. भगवी कफनी, कपाळभर भस्म आणि हातात हातभर लांबीची शिंगी. नाथपंथी जोगी शिंगी फुंकून नाद काढतात. या बाबांच्या शिंगीतून नाद निघत नसे, धूर निघे. समोर धुनीचं कुंड होतं, पण त्यात लाकूड नव्हतं, निखारा नव्हता, चिमूटभर राखसुद्धा नव्हती.

"घाला, हात घाला कुंडात!" बाबा माईकवरून गरजले. "इस्तू हाय का? न्हाई! राख हाय का? न्हाई! मग ह्यो धूर आला कुठनं? इचारा तुमच्या सायन्सवाल्याला, दातखीळ बसंल त्याची!"

लोकांनी कुंडात हात घातले. कुंड गार होतं. गार कुंडाला लोकांनी नमस्कार केला. शिंगीत बोट घालून बघावं, असं मात्र एकालाही वाटलं नाही.

"दमा, खोकला, धाप, समदं ह्या धुनीत जळतं. पर येक अट हाय. दवाखान्याचा पंप तोंडाला लावायचा न्हाई. पंप लावला की धुनी रुसली!" मग बाबांनी शिंगी उचलून तीनदा जोरानं हलवली. "सत्त्व! रज! तम! तिन्ही गुन येक केल्याबिगर धुनी जागत न्हाई."

पाचव्या रांगेत बसलेल्या मार्तंडरावांनी दचकून मान वर केली, ती याच क्षणी.

मार्तंडराव नगरचे. केडगावच्या एका सरबताच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फक्त वास घेतला. अर्काच्या बाटल्या यायच्या, टीपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवायच्या, पहिला वास, मधला वास, मागे उरणारा वास, आणि मग शेरा: पास किंवा नापास. या कामावर त्यांचा संसार झाला आणि थोडा अहंकारही पोसला. निवृत्तीनंतरही बर्फगोळेवाले, आइस्क्रीमवाले छोट्या बाटल्या घेऊन घरी येत. "मार्तंडराव, तुमचं नाक म्हणजे कोर्टाचा निकाल," असं कुणी म्हटलं की मार्तंडराव दोन दिवस खुशीत असत.

त्यांना या माळावर आणलं होतं सूर्यभाननं. कारखान्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं बाटल्या धुणारा माणूस. त्याआधी ऊसतोडीला जायचा, तिथून दमा घेऊन आला. साहेबांनी पास केलेलं सरबत तो डोळे झाकून प्यायचा आणि इतरांनाही तसंच सांगायचा. आठवड्यापूर्वी त्याचा फोन आला होता: "साहेब, माझा दमा गेला! दोन म्हैनं झालं, पंप उकिरड्यावर फेकला. तुमी येऊन बघाच."

रांग पुढे सरकली. सूर्यभाननं शिंगी तोंडाला लावली, लांब ओढ घेतली, पांढराधोट ढग सोडला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. त्याची मानेखालची कातडी मात्र श्वासागणिक आत ओढली जात होती.

आणि तो वास! आधी सालीचा चुरचुरीत, मग गराचा गोड, मागे जराही कडवटपणा नाही. मार्तंडरावांनी तो एका श्वासात ओळखला. आईला लेकराचा आवाज ओळखू यावा तसा ओळखला. अर्धा क्षण त्यांना अभिमानसुद्धा वाटला, ही गोष्ट त्यांनी पुढे कधी लपवली नाही. मग बाबांच्या मागे बॅटऱ्यांची पेटी सांभाळत बसलेला माणूस दिसला आणि तो अभिमान जागच्या जागी विरला. तो वाल्मिक होता.

माघात हाच वाल्मिक शर्टपँट घालून त्यांच्या घरी आला होता. संत्र्याच्या अर्काच्या चार बाटल्या आणि एक घट्टसर, गोडसर, बिनवासाचा द्राव घेऊन. "काका, ह्या द्रावात मिसळून गरम केल्यावर कुठला वास टिकतो, तेवढं सांगा. घशात खवखवता कामा नये."

मार्तंडरावांनी काम मन लावून केलं. चारही अर्क द्रावात मिसळले, स्टीलच्या चमच्यात थेंब घेऊन मेणबत्तीवर धरले. पहिला करपला. दुसऱ्याला औषधाचा वास आला. चौथा वाफ होताच उडून गेला. तिसरा मात्र टिकला. टिकणारच, कारण तो खाद्यतेलात कालवलेला, बेकरीसाठी केलेला अर्क होता. द्राव जिभेला लावला तेव्हा जीभ चुरचुरली, डोकं जरा गरगरलं. माल शिळा असेल, असं ते मनात म्हणाले. चिठ्ठीवर त्यांनी लिहून दिलं: "क्र. ३ उत्तम. तेलकट आहे, द्रावात सुटा पडतो. वापरण्याआधी तीनदा हलवावे."

कशासाठी हवंय, हे त्यांनी विचारलं नाही. या धंद्यात तसं विचारत नाहीत. गिऱ्हाइकाचा मसाला गिऱ्हाइकापाशी. परीक्षकानं वासापुरतं बोलावं, हा रिवाज. रिवाज पाळणारा माणूस सज्जन ठरतो. मार्तंडराव चांगले सज्जन होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी सूर्यभानला बांधावर थांबवलं. "सूर्यभान, ते तेल आहे रे. तेल फुप्फुसात जाणं बरं नाही. पंप परत सुरू कर."

"आसं कसं म्हनता? छाती कशी गार पडती बघा."

"गारवा देणारा बिनवासाचा अर्क असणार त्यात. घसा गार पडला की श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. होत नाही तो मोकळा."

सूर्यभान हसला. हसता हसता त्याला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मग डोळे पुसत तो म्हणाला, "साहेब, येकच सांगा. वास चोख हाय का न्हाई?"

"वास चोख आहे, पण..."

"मग झालं की! तुमचं नाक हो म्हनलं ना."

त्याच वेळी सांगायला हवं होतं, की बाबा रे, हा अर्क मीच पास केलाय, तीनदा हलवायचा मंत्रही माझाच आहे. तेवढं ऐकलं असतं तर सूर्यभाननं शिंगी त्याच दिवशी सोडली असती; दुसऱ्या कुणाचं नाही, पण साहेबांचं त्यानं ऐकलं असतं. शब्द ओठांपर्यंत आले. तीस वर्षांच्या नावाची लाज त्यांच्या आडवी आली. "काळजी घे," एवढंच म्हणून मार्तंडराव नगरच्या गाडीत बसले.

नऊ दिवसांनी सूर्यभान अंगणात कोसळला. ओठ निळे पडलेले. बायकोनं, बायडाबाईनं, त्यानं फेकला त्याच दिवशी उकिरड्यावरून उचलून डब्यात लपवलेला पंप काढला आणि त्याच्या तोंडात दाबला. तेवढ्यावर तो नगरच्या दवाखान्यापर्यंत पोचला.

छातीच्या डॉक्टर सुनीतीबाईंनी फोटो उजेडाला धरला. "काय ओढत होते हे? फुप्फुसात तेल साचलंय. वर दम्याचं औषध दोन महिने बंद."

निरोप मिळताच दवाखान्यात आलेल्या मार्तंडरावांनी खिशातून तिसऱ्या नमुन्याची उरलेली कुपी काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. आता सांगायला लाज आडवी आली नाही. उशीर झाला की लाजेलाही काही काम उरत नाही.

"काका, हे बिस्किटात घालायचं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पोट तेल पचवतं. फुप्फुसाला पचवता येत नाही, ते तिथंच बसून राहतं. आणि तुमची जीभ चुरचुरली ना, ते तंबाखूतलं निकोटिन असणार. तपासायला पाठवते. लोक धुनीला परत परत का येतात, ते त्यातच आहे."

तपासणीत निकोटिन निघालं. तो कागद हाती येईपर्यंत सूर्यभान गेला होता. चौथ्या दिवशी, दुपारी, बायडाबाईचा हात हातात धरून.

आमच्या भागात दहाव्याला नदीकाठी मंडप पडतो आणि माईक लागतो. गेलेल्या माणसाशी आयुष्यात चार शब्द न बोललेले लोकही तिथं पंधरा मिनिटं बोलतात. सूर्यभानच्या दहाव्याला अमृतबाबा न बोलावता आले, वाल्मिकला घेऊन. येणारच. भक्त मेला की दुकानाला धक्का बसतो, तो सावरावा लागतो.

"सूर्यभान धुनीचा लाडका व्हता," बाबा डोळे मिटून म्हणाले. "त्याचा दमा गेल्ताच. पर घरातल्या येका बाईनं श्रद्धा मोडली. लपवून ठिवल्याला पंप त्याच्या तोंडात घातला. धुनी कोपली. मी नाव घेत न्हाई."

नाव घ्यायची गरजच नव्हती. मंडपातली सगळी तोंडं बायडाबाईकडे वळली. ती बाई दहा दिवस रडली नव्हती. आता तिनं पदर तोंडात कोंबला आणि जमिनीकडे बघत पुटपुटली, "म्याच मारलं का वो त्यान्ला?"

मार्तंडराव उठले. ते साहेब म्हणून त्यांना माईक मिळाला. "बाबा, आधी मला प्रसाद द्या," ते म्हणाले. शहरातला शिकलेला माणूस शरण आलेला पाहून बाबा खुलले. त्यांनी शिंगी तीनदा हलवून पुढे केली.

मार्तंडरावांनी ती तोंडाला लावली नाही. तोंडाकडची पितळी कडी पिळून काढली आणि शिंगी उपडी केली. आतून बोटाएवढी काळी नळी हातावर पडली. तिच्या बुडाशी निळा दिवा लुकलुकत होता.

"ही बॅटरीवरची सिगारेट आहे. आपल्याकडे हिच्यावर बंदी आहे. आत तार तापते, द्रावाची वाफ होते. म्हणून विस्तव नाही, राख नाही. द्रावात तंबाखूतलं निकोटिन आहे. म्हणून एक दिवस धुनी चुकली की तुम्हाला चैन पडत नाही." त्यांनी नळी उघडून थेंब खिशातल्या टीपकागदावर पाडला, कागद उन्हाकडे धरून पुढच्या रांगेत दिला. "तळलेल्या भज्याच्या कागदावर पडतो, तसा डाग आहे बघा. हे तेल तुमच्या छातीत जातंय. तेल द्रावात मिसळत नाही, म्हणून शिंगी तीनदा हलवायची. त्रिगुण वगैरे काही नाही. हे मला कसं माहीत? तसं मीच लिहून दिलंय."

त्यांनी वाल्मिककडे बोट केलं. "या माणसानं चार अर्क आणले, मी त्यातला एक निवडला. कशाला हवाय, हे विचारलं नाही. नंतर कळलं, तेव्हा सूर्यभानला खरं सांगितलं नाही. बायडाबाई, पंपानं त्याला मारलं नाही. पंपानं त्याला चार दिवस दिले. मारलं ते या शिंगीनं, आणि तिच्यात माझा हात आहे."

मंडपात गलका उडाला. कुणी बाबांच्या कफनीला हात घातला, कुणी मार्तंडरावांच्या गचांडीला. एक म्हातारा तर नळीलाच नमस्कार करत होता. सवय अशी एका सकाळीत जात नाही. वाल्मिक नदीच्या बाजूनं पळाला. बाबांना पोरांनी पोलीस येईपर्यंत खांबाशी बसवून ठेवलं.

मार्तंडराव माईक सोडत नव्हते. आवाज फाटला होता. "देवाला हात जोडा, मी अडवणार नाही. पण छातीत, पोटात काही घ्यायच्या आधी विचारा. यात काय आहे? कोणी केलं? डॉक्टरला दाखवलं का? उत्तराच्या जागी मंत्र मिळाला तर उठून घरी जा. आणि चालू असलेलं औषध जो बंद करायला सांगतो, तो कुणीही असो, त्याचं ऐकू नका. मी विचारलं नाही. आमचा माणूस गेला."

गर्दी पांगल्यावर ते बायडाबाईसमोर मांडी घालून बसले. माफी मागायला त्यांनी हात जोडले.

बायडाबाईनं विचारलं, "त्या दिशी बांधावर तुमाला ठावं हुतं?"

"होय."

तिनं मान वळवली. मागे शेजारची छबूबाई नातीला घेऊन उभी होती. आरती, आठ वर्षांची. तीही महिनाभर धुनीला येत होती, तिचाही पंप बंद होता. पोरीच्या छातीतून बारीक शिटी वाजत होती.

"साहेब, तुमाला माफ करायचं का न्हाई, ते मला आजून कळत न्हाई," बायडाबाई म्हणाली. "कदी कळंल तेबी ठावं न्हाई. पर ह्या पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. दहाव्याचं जेवान ऱ्हाऊ द्या."

छबूबाई घुटमळली. "उद्या न्हेलं तर?"

"उद्या न्हाई," बायडाबाई म्हणाली आणि आरतीला उचलून स्वतःच, मार्तंडराव आले होते त्या गाडीकडे चालू लागली.