उभ्यानं जप करणारा नंदी

करंजवाडीच्या खंडोबाची जत्रा पौषात भरते, आणि पौषात निम्मं गाव उसाच्या फडावर असतं. जत्रेला उरतात ती म्हातारी माणसं, शाळेसाठी मागं ठेवलेली पोरं आणि दारोदारची कुलपं. यंदा ही सगळी माणसं पाळण्यांकडं पाठ फिरवून एका मांडवाभोवती दाटली होती. मांडवात रंगनाथबाबाचा पांढराशुभ्र नंदी उभा होता. अंगावर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात झेंडूच्या माळा.

"मायबापहो, ह्यो बैल न्हाई, कैलासाचं टपालखातं हाय," बाबा सांगत होता. "फडावरच्या आपल्या माणसाचं नाव मनात धरा आन् फुडं या. नंदीनं गुडघं टेकलं की समजायचं, मानूस सुखरूप. तुमच्या मोबाईलला रेंज नसंल, ह्याला कायम फुल रेंज."

लोक हसले, आणि हसता हसताच त्यांनी हात जोडले. कारण नंदी खरोखर गुडघे टेकत होता. फडावर पोरगा असलेली बायडाबाई पुढं झाली, तसे त्यानं पुढचे दोन्ही पाय दुमडले, मान खाली घातली. बाबानं दोर ओढल्यावर तो उठला. बायडाबाई पदरानं डोळे पुसत मागं सरली.

समोरच जनावरांच्या दवाखान्याचं टेबल होतं. वर 'मुक्या जनावरांची काळजी' असा फलक, खुरांची चित्रं, जंताचं औषध, आणि मागं डॉक्टर निकिता एकटीच. सकाळपासून तिच्याकडं दोनच माणसं फिरकली होती. एकानं मुतारी कुठं आहे ते विचारलं, दुसऱ्यानं खुर्ची मागून नेली.

निकिताची इथं बदली झाली, तेव्हापासून तिची तान्ही लेक देवळाली प्रवऱ्याला आजीपाशी होती. गावात निकिताशी मनापासून बोलणारं माणूस एकच, घरमालकीण चांगुणा. चांगुणाचा लेक अंगद सुनेसकट फडावर गेलेला. गेल्यावर पोचल्याचा फोन आला, पुढं काही नाही. संध्याकाळी दोघी ओट्यावर बसत, पुढ्यात चांगुणाची तांबडी गाय रवंथ करी. चांगुणा बोलायची पुष्कळ, पण बहुतेक गायीशीच.

आज तीच चांगुणा तांबडीला दाव्यानं ओढत मांडवाकडं निघालेली दिसली.

"मावशी, तिला कुठं नेताय?"

"नंदीम्होरं. बाबा म्हनला, नंदी वाकला की आपलं जित्राब त्याच्या सेवेला सोडायचं. न्हाईतर कौल उलटतो."

मांडवामागं बाबाचा टेम्पो उभा होता. त्यात दोन शेळ्या आणि एक कालवड आधीच चढली होती.

"तांबडी गेली तर तुम्ही बोलाल कुणाशी?"

"अंगद आल्याव त्याच्याशी बोलंन की," चांगुणा म्हणाली आणि चालू लागली. निकिता टेबल तसंच सोडून तिच्यामागं गेली.

जवळ गेल्यावर तिनं नंदीला नीट निरखलं. नंदीचे डोळे अर्धे मिटत होते, मान लटकत होती आणि झटक्यानं वर येत होती. लेकीच्या तापात तिला खांद्यावर घेऊन निकिता अशीच उभ्यानं पेंगायची. बैलाच्या गुडघ्यांवरचे केस गेले होते, कातडी सोलली होती. पाय सुजलेले. आणि एवढ्या पांढऱ्या अंगावर शेणाचा एक डाग नव्हता.

"बाबा, बैल फार स्वच्छ आहे हो," ती म्हणाली.

"असनारच. तपस्वी हाय त्यो. रातभर उभ्यानं जप करतो. भुईला अंग लावत न्हाई."

"कधीच बसत नाही?"

"कंदीच न्हाई." बाबानं छाती फुगवली.

निकितानं मांडवाच्या खांबाकडं पाहिलं. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर तिथं एक दावं अडकवलेलं होतं. इतकं आखूड, की बांधलेल्या जनावरानं बसायचं म्हटलं तरी बसता येऊ नये.

तेवढ्यात चांगुणा नंदीपुढं उभी राहिली. ओठांतल्या ओठांत लेकाचं नाव घेतलं. बाबानं हातातला दोर किंचित सैल सोडला आणि नंदीनं गुडघे टेकले. गर्दीतून 'येळकोट' उठला. बाबा आता दोर ओढणार, इतक्यात निकितानं तो मधेच धरला.

"सोडा बाई, देवाचा कोप व्हईल."

"होऊ दे. थोडा वेळ सैल राहू दे."

बैलाचं मागचं अंग थरथरलं आणि खाली आलं. तो अख्खाच बसला. मग कुशीवर कलला, हनुवटी भुईला टेकवली आणि असा लांब श्वास सोडला की समोरची धूळ उडाली. डोळे मिटले.

"समाधी लागली," बाबा घाईघाईनं म्हणाला. "उदबत्ती लावा कुनीतरी."

पुढं म्हातारे आसारामभाऊ उभे होते. निकितानं त्यांनाच विचारलं, "भाऊ, तुम्ही जन्मभर बैल सांभाळलेत. बैल बसताना आधी काय टेकतो?"

"गुडघं."

"मग?"

"मग मागलं अंग." आसारामभाऊंनी टोपी मागं सारली. "आयला, ह्ये तर आमी रोज सांजच्याला गोठ्यात बघतो."

"तेच आहे हे. याला बसू देत नाहीत. रात्री त्या खांबाला उंच, आखूड बांधायचं, दिवसा दोर ताणून धरायचा. दोर सैल झाला की बिचारा बसायला बघतो. अर्धा बसला की ओढून उठवायचं. बसणाऱ्या जनावराच्या अंगाला शेण लागतंच, याच्या अंगावर डाग शोधून दाखवा. चहाच्या किटलीपुढं दोर सैल सोडलात, तर किटलीलाही वाकेल तो."

माणसं पुढं होऊन बैलाचं अंग निरखू लागली. घरोघरच्या गोठ्यात रोज दिसणारी गोष्ट झूल आणि झेंडू घालून पुढं आली, तर ओळखू आली नव्हती.

"ऊठ," म्हणत बाबानं बैलाला पायानं ढोसलं. चांगुणा मधे आली.

"पाय लावून तर बघ. निजू दे त्याला."

"टेम्पोतली जित्राबं उतरवा रं," आसारामभाऊ म्हणाले. "आन् बैल हितंच ऱ्हाईल. डॉक्टरीणबाई सांगतील तवर."

बाबा शिव्याशाप देत रिकाम्या टेम्पोत बसून गेला. लोक एकमेकांकडं न बघता पांगले. चांगुणा मात्र झोपलेल्या बैलाशेजारी बसून राहिली. निकिता त्याच्या गुडघ्यांना मलम लावत होती.

"म्हंजी माज्या अंगदचं काई कळलंच न्हाई," चांगुणा म्हणाली.

खोटा धीर देणं सोपं होतं. "नाही कळलं, मावशी."

"मगाशी घटकाभर लई बरं वाटलं हुतं गं."

निकितानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग विचारलं, "त्याच्या मुकादमाचा नंबर कुणाकडं असेल?"

"बायडाबाईकडं. तिचा पोरगा बी त्याच टोळीत हाय."

दोघी बायडाबाईकडं गेल्या, नंबर घेतला, लावला. घंटी वाजत राहिली, कुणी फोन उचलला नाही. "उद्या परत लावू," निकिता म्हणाली. तांबडीला मधे घेऊन त्या घराकडं निघाल्या.

एकटी पडलेली माणसं गावोगाव आहेत, आणि असे मांडव त्यांच्याच दाराशी उभे राहतात. आपल्या माणसाची खबर हवी असेल, तर ती ज्याला ठाऊक असेल त्यालाच विचारावी. नाही मिळाली, तर नाही मिळाली म्हणावं आणि पुन्हा विचारावं. बैलाला ती ठाऊक नसते. त्याला फक्त आपले दुखणारे पाय ठाऊक असतात. म्हणून जनावर गुडघे टेकू लागलं, तर हात जोडण्याआधी त्याचा दोर सैल करावा, आणि ते बसतं का ते पाहावं.