किल्लीवाल्यांची शाल

मी प्रार्थनेची शाल बोलतेय. पांढरी लोकर, काळे पट्टे आणि चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले गोंडे. मी ज्यू घरातली, त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला मालकांच्या खांद्यावर बसायचं, हे माझं काम. लग्नात नवरीनं मला नवऱ्याच्या हाती दिलं. मालक किल्ल्या बनवणारे. आठवडाभरात माझ्या कडेला तेलाचा डाग पडला आणि त्यांना बाईंची बोलणी खावी लागली.

पुढे बाई गेल्या. मालकांनी मला कपाटात कोंबलं आणि देवाशी अबोला धरला. गेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात. गंमत म्हणजे तिच्यात मरणाचं नावही नाही, नुसती देवाची स्तुती. मालक म्हणाले, "ज्यानं तिला नेलं, त्याचेच गोडवे गाऊ?" मुलीनं परोपरीनं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. ते जेवायचे, दुकानात जायचे, रडायचे मात्र नाहीत. मला कसर लागायची भीती होतीच, त्याहून जास्त त्यांची काळजी वाटायची.

एका सकाळी शेजारचा पाववाला पिठाच्या हातांनीच दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांचा स्मरणदिन होता. कद्दिशला दहा जण लागतात आणि एक कमी पडत होता.

"भांडण तुझं देवाशी आहे. माझ्या बापानं काय घोडं मारलंय? नुसता उभा राहा."

मालकांचा नाइलाज झाला, मला काखेत मारून ते त्याच्यामागं प्रार्थनाघरात गेले. घाईत त्यांनी मला उलटंच पांघरलं. आमच्यात माणसं सरळ मोजत नाहीत, म्हणून पाववाला बोट नाचवत म्हणत होता, "एक नाही, दोन नाही..." 'दहा नाही' येताच त्याचा चेहरा खुलला.

कद्दिश सुरू झाली आणि अर्ध्यातच त्याचा गळा दाटला. सगळे थांबले. तेव्हा पुढचे शब्द माझ्या मालकांच्या तोंडून आले, आधी पुटपुटत, मग खणखणीत. बाकीचे 'आमेन' म्हणत राहिले. प्रार्थना संपल्यावर मालकांनी मला डोक्यावरून ओढून घेतलं आणि माझ्या आत पोटभर रडले. मी चिंब भिजले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आता ते रोज प्रार्थनेला जातात. देवाशी अधूनमधून कुरबुर चालते, पण बोलणं आहे. मी विरलेय, म्हणून परवा मुलगी नवी शाल घेऊ म्हणाली.

"नको. नवीला सगळं पहिल्यापासून कोण सांगत बसणार?" ते म्हणाले.

आमच्यात माणसाला त्याच्या शालीसकट मातीत ठेवतात. मलाही त्यांच्यासोबतच जाऊ द्या, एवढीच विनंती. पण घाई मुळीच नाही. उद्या सकाळी पुन्हा कुणाचा तरी गळा दाटेल, तेव्हा शेजारी माझे मालक असायला हवेत.