कोंडाजी मापाड्याचं एक वाक्य

उद्धवराव गेल्याची बातमी सोमवारी सकाळी मोबाइलवर आली आणि माझ्या आईनं गॅस बंद केला. कणीक मळलेली तशीच परातीत राहिली. मला चाकणला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं, कंपनीची बस काही आमच्या दुःखासाठी थांबत नाही, म्हणून मी डब्याशिवाय गेले.

उद्धवराव म्हणजे जुने नट, तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर फौजदार झालेले. बाकीच्यांनी त्या दिवशी त्यांचा फोटो स्टेटसला ठेवला आणि विसरले. आईच्या लेखी मात्र ते घरातलंच माणूस.

त्याला कारण माझे वडील. कोंडाजी त्यांचं नाव, चाकणच्या कांदा मार्केटात मापाडी होते. पोतं काट्यावर चढलं की वजन मोठ्यानं पुकारायचं, हेच त्यांचं काम. ह्या टोकाला पुकारलं की त्या टोकाचा ट्रकवाला मान वळवायचा, असला आवाज. मी पोटात असताना तिथं त्या मालिकेचं शूटिंग झालं. चोर पोत्यांमागून पळतो, फौजदार येऊन मापाड्याला विचारतात, इकडून कोणी गेलं का. उत्तर द्यायला मुंबईहून माणूस आणलेला होता, पण उद्धवरावांनी वडिलांचा पुकारा ऐकला आणि म्हणाले, हाच बोलेल. वडील एक वाक्य बोलले. मग दोघांनी एकाच किटलीतला चहा घेतला. आईनं त्या एका वाक्याचा अभिमान जन्मभर पुरवून वापरला.

पण तो भाग लागला त्या संध्याकाळी आई बाळंतपणाला माहेरी, तिथं टीव्ही नव्हता. इकडं आमच्या रहाटणीत लाइट नव्हती, म्हणून वडील पिंपळे गुरवला धाकट्या भावाकडे गेले. त्या दिवसापासून दादासाहेबकाकानं एकच पालुपद लावलं, "आमच्या कोंडाजीची नुसती पाठ दिसली." लग्नात, जत्रेत, कुणी विषय काढायचा अवकाश, हे ठरलेलं, आणि वर हसणं. वडील शेजारी बसून गप्प. आईचा नुसता तिळपापड व्हायचा.

बारा वर्षांपूर्वी वडील गेले. आमच्याकडे दशक्रियेला घाटावर माइक असतो आणि गावचे पुढारी श्रद्धांजली वाहतात. एक जण म्हणाला, कोंडाजींनी उद्धवरावांसोबत काम केलं होतं. तर काकानं त्याच्या हातातून माइक घेतला आणि तिथंही तेच, "पाठच दिसली फकस्त." लोक हसले. पिंडाला कावळा शिवायचा होता अजून. त्या दिवसानंतर आईनं काकाचा उंबरा ओलांडला नाही आणि त्याला आमचा ओलांडू दिला नाही.

मला विचाराल तर पाठ दिसली की तोंड, ह्याचं मला काही पडलेलं नव्हतं. मला वडिलांचा आवाज आठवेनासा झाला होता. चेहरा फोटोत आहे, पण आवाज कुठंच नाही. त्यांच्या लग्नाची कॅसेट बुरशीनं गेली आणि त्यांचा फोन साधा बटणांचा. कामावर मशीनच्या घरघरीत कधीतरी वाटायचं, आत्ता आठवेल, आणि नाही आठवायचा. ह्याची मला भीती वाटते, हे मी आईला कधी बोलले नाही.

मग चॅनेलनं जाहीर केलं, उद्धवरावांना श्रद्धांजली म्हणून निवडक भाग पुन्हा दाखवणार, कांदा मार्केटचा भाग गुरुवारी दुपारी दोनला. मी आईला म्हटलं, "गुरुवारी माझी सुट्टीच आहे, निवांत बघू." आता माझी अक्कल बघा. आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी का, तर दुरुस्तीला लाइट त्याच दिवशी बंद असते. दहा वर्षं ह्या पट्ट्यात नोकरी करून एवढं माझ्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी दहाला लाइट गेली. बारापर्यंत आम्ही "येईल, येईल" करत बसलो. बाराला लाइटच्या ऑफिसात फोन लावला तर म्हणे पाच वाजता. चॅनेलचं ॲप उघडलं, त्यात जाहिरात संपूर्ण चालायची आणि कार्यक्रमाला गोल चकरी फिरायची. वरच्या मजल्यावर इन्व्हर्टर आहे, तिथं पळाले. टीव्ही लागला, पण केबलवाल्याचीच लाइट गेलेली, पडदा निळा. सव्वा वाजला. आई पायरीवर उभी, चप्पल घालून, हातात पिशवी. पिशवीत काय होतं देव जाणे.

स्कूटर काढली आणि रोहिदासच्या सलूनमध्ये गेलो, त्याची स्वतःची डिशची छत्री आहे गच्चीवर. भला माणूस, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक बाजूला ठेवून त्यानं चॅनेल लावून दिलं. पडद्यावर उद्धवरावांचा हार घातलेला फोटो आला आणि त्याच्या इन्व्हर्टरनं तीनदा टूँ करून जीव सोडला. एक पस्तीस.

"पिंपळे गुरवला लाइट हाय ताई," रोहिदास म्हणाला. "तिकडची लाइन येगळी."

आई आरशाकडं बघत होती. मी म्हटलं, "आई, तिकडं एकच घर आहे आपलं."

"मी न्हाई यायची."

"नको येऊस. मी जाते." मला राग आला होता. तिच्या हट्टाचा, काकाचा, लाइटवाल्यांचा आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा. मी स्कूटर चालू केली तर मागं वजन बसलं. चौकात सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "काढ की मधनं." माझी आई, जी मला हेल्मेटवरून रोज बोलते.

दोनला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. फाटकाची कडी वाजवली. आतून आवाज आला, "कोण हाय? दार उघडंच हाय, या." आईनं माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखलं. मला वाटलं, रागानं.

काका टीव्हीपुढं खुर्ची ओढून बसला होता. पडद्यासमोर स्टुलावर स्टीलचा डबा, त्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, शूटिंग चालू. आम्हाला बघून तो उठायला गेला आणि अर्ध्यातच राहिला.

"या वैनी," एवढंच म्हणाला.

सोजराकाकी पाणी घेऊन आली. "सकाळधरनं जेवला न्हाई ह्यो मानूस," ती आईला म्हणाली. "भाग झाल्याबिगर घास उतरायचा न्हाई म्हनतोय." आई पलंगाच्या कडेला टेकली. पाण्याला हात लावला नाही.

चाकणचं मार्केट दिसलं. जुने ट्रक, पोत्यांच्या थप्प्या, फौजदार धापा टाकत येतात. काट्याशी एक माणूस पाठमोरा. आईनं काकाकडं असं बघितलं की मीच नजर पडद्याकडं वळवली. तेवढ्यात तो माणूस वळला. वडील. मिशी काळीभोर, माझ्याहून लहान. फौजदारांनी विचारलं. वडिलांनी तोंड उघडलं.

"नाही साहेब. इकडून कोणीच गेलं नाही."

आवाज बारीक, घासूनपुसून काढलेला, कुणा शिकलेल्या माणसाचा. आणि तो थांबला तरी वडिलांचे ओठ हलत होते. मग फौजदार पळाले, जाहिरात लागली.

"ह्यो कुनाचा आवाज?" आई म्हणाली.

काकानं मोबाइलचं शूटिंग थांबवलं. "मुंबईत कुनीतरी भरला. वैनी, भाग लागला त्या दिशी कोंडाजी ह्याच घरात बसला व्हता. भाग संपला, उठला, चप्पल घातली. दारात मला म्हनला, दाद्या, कुनी इचारलं तर पाठच दिसली म्हन. माझा आवाज काढून टाकला हे नगं सांगू. उद्या मला मार्केटात पुकारायचं हाय."

"आणि दशक्रियेला?" मी विचारलं. "तिथं कुणासाठी झाकायचं होतं? ते तर गेले होते."

"माइक हातात आला पोरी. दुसरं काय सुचलं न्हाई."

"मला सांगायचं व्हतं," आई म्हणाली. "मी काय गावभर करनार व्हते?"

"तुमाला तर बिलकूल नगं म्हनला व्हता."

आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती पुसत नव्हती. मला मात्र रडूही येईना. एवढी वणवण केली आणि शेवटी कुणा परक्याचा आवाज ऐकला. वडिलांचा गेला तो गेलाच, आता कुठंही मिळणार नव्हता. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"ते परत लाव," आई म्हणाली. "आवाज बंद करून."

मी काकाचा मोबाइल घेतला, आवाज बंद केला, लावला. वडील वळले. ओठ हलले. आई मान पुढं काढून बघत होती. "हे लई बोलत्यात," ती म्हणाली. "ह्यांचं वाक्य मोठं हाय."

"व्हय, मोठंच व्हतं," काका म्हणाला. "मला म्हनून दावलं व्हतं त्यानं. परत लाव पोरी."

मी परत लावलं. वडिलांनी तोंड उघडलं आणि माझ्या शेजारून काका बोलला, पोट आत ओढून, पुकारल्यासारखा, "न्हाई सायेब, हिकडनं कुनीबी गेलं न्हाई. आमी हितंच हाय सकाळधरनं."

ओठांना अगदी बरोबर बसलं. आणि शाळेच्या सुट्टीत मी पोत्यांवर बसलेली, खाली धूळ, कांद्याचा वास, आणि वर हा आवाज, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पुढं घ्या. हाच. एका आईची दोन पोरं, आवाज एकच असणार की. फाटकाशी आईनं माझा खांदा का धरला ते मला आत्ता कळलं. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर होता हा आवाज, बारा वर्षं, आणि आम्ही त्याला दाराशी उभं केलं नव्हतं.

आईनं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि पलंगावर पालथा ठेवला. डोळे मिटले.

"परत म्हना, भावजी," ती म्हणाली.

काका परत म्हणाला.