शेवटच्या गासडीचं कापड

जॉर्जियातल्या त्या भागात सगळेच कापूस पिकवत, आणि त्या वर्षी सगळ्यांनी एकच शपथ घेतली होती. गासड्या बांधायला लागणारं तागाचं गोणपाट बनवणारे कारखानदार आदल्या हंगामात एक झाले होते आणि ऐन वेचणीच्या तोंडावर त्यांनी भाव वाढवला होता. शेतकरी संघाने ठरवलं, ताग घ्यायचा नाही. आपल्याच कापसाचं जाड मांजरपाट विणून घ्यायचं आणि गासड्या त्यात बांधायच्या. मांजरपाट आलं, पण उशिरा आलं आणि कमी आलं. ॲसा टिडवेलच्या वाट्याचं कापड संपत संपत शेवटच्या गासडीपुरता एक तुकडा राहिला होता.

तो तुकडा त्याच्या मुलीने, टेम्पीने, जेवणाच्या टेबलावर पसरला होता. तोंडात टाचण्या धरून ती कापडाकडे बघत होती.

"उचल ते," ॲसा म्हणाला. "सोमवारी जिनिंगला न्यायचंय."

टेम्पीने टाचण्या काढून हातात घेतल्या. "शनिवारी माझं लग्न आहे, बाबा."

"मग?"

"मी याचाच झगा घालणार आहे. पलीकडच्या तालुक्यात दोन मुलींनी मांजरपाटात लग्न केलं. तागवाल्यांना कळू दे ना, आम्ही काय काय करू शकतो ते."

"तागवाले येणारेत का तुझ्या लग्नाला?"

"बोलावलं तर येतील. फुकटचं जेवण कोण सोडतं?"

ॲसाला हसू आलं नाही. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. "ट्रंकेत तुझ्या आईचा झगा आहे. तो घाल."

अरमिंडा मार्चमध्ये गेली होती. तिचे बूट ॲसाने शेजारच्या हेस्टरबाईंना दिले, कोट पाद्र्याच्या बायकोला दिला. पलंगाच्या पायथ्याची ट्रंक मात्र त्याने उघडली नव्हती. तिच्यात लग्नातला झगा होता. सायीच्या रंगाची मलमल, आणि खाली घेरावर अरमिंडाने स्वतः भरलेली निळी वेल. तो झगा अंगात घालून कुणीतरी चर्चमध्ये चालत यावं, एवढंच त्याला हवं होतं. महिनाभर हे त्याच्या मनात होतं, पण आजवर तो बोलला नव्हता, कारण टेम्पी तोच झगा घालणार हे तो धरूनच चालला होता.

"तो मला व्हायचा नाही," टेम्पी म्हणाली.

"घालून पाहिलास?"

ती कापडाची कड सरळ करू लागली.

"हे बघ," ॲसा म्हणाला, "तू हे कापड घेतलंस तर ती गासडी कशात बांधू? कोठारात गेल्या वर्षीचं गोणपाट आहे, त्यात? तुझ्या आईने चारचौघांत शब्द दिला होता."

हे खरं होतं. हिवाळ्यातल्या सभेत पुरुषमंडळी घसा खाकरत, एकमेकांकडे बघत बसली होती. संघात बायकांनाही मत होतं. अरमिंडा बाकाला धरून उभी राहिली, तिने आपला खोकला थांबायची वाट पाहिली आणि म्हणाली, टिडवेलांच्या घरातून तागात बांधलेली एकही गासडी बाहेर पडणार नाही. ती बोलणार आहे हे ॲसाला माहीत नव्हतं. ती खाली बसल्यावर त्याने तिच्या खांद्यावर शाल नीट केली होती, तेवढंच.

"आईचा शब्द मला सांगू नका," टेम्पी म्हणाली. तिने कापडाची घडी घातली आणि ती बाहेर निघून गेली.

दुपारी हेस्टरबाई रताळ्याचा केक घेऊन आल्या. त्या संघाच्या गावच्या शाखेचं काम बघत आणि सभागृहाची किल्ली त्यांच्याच कमरेला असे.

"पोरीला गासडीचं कापड नेसायचंय," ॲसा म्हणाला. "आईचा चांगला झगा घरात असताना."

"झगा पाहिलाय का तुम्ही इतक्यात, टिडवेलभाऊ?"

"माझ्याच घरातला आहे. त्यात काय बघायचं?"

"मग बघा एकदा," हेस्टरबाई म्हणाल्या आणि केक झाकायला फडकं शोधू लागल्या.

ॲसा खोलीत गेला. थोडा वेळ पलंगावर बसला. मग त्याने ट्रंकेचं झाकण उचललं. देवदाराच्या ढलप्यांचा वास आला. वर चादर होती. चादरीखाली झग्याचा वरचा भाग होता, बाह्या छातीवर दुमडून ठेवलेल्या. कमरेखाली काही नव्हतं. कापड सरळ कापलेलं होतं आणि कडेला बारीक टाका घातलेला होता. तो टाका अरमिंडाचा होता.

टेम्पी दारात येऊन उभी राहिली.

"घेर कुठे आहे याचा?"

"सभागृहात. भिंतीवर."

ॲसाला काही समजेना.

"आपलं निशाण, बाबा. शाखा निघाली तेव्हा निशाणाला कापड हवं होतं आणि दुकानदार संघाला उधार देईना. आईने घेर कापून दिला. अक्षरंही तिनेच शिवली."

"दोन वर्षं झाली त्याला."

"हो."

"मी दर सभेला त्याच्यासमोर बसतो."

"आईने मला बजावलं होतं, सांगायचं नाही म्हणून. बघू म्हणाली, कधी ओळखतात ते. तुम्ही सभेहून येऊन खेचर सोडत असायचात ना, तेव्हा ती मला हळूच विचारायची, आज पाहिलं का गं?"

"तू काय सांगायचीस?"

"नाही म्हणायचे. बाबा छताच्या गळतीकडे बघत होते."

"गळत होतंच ते," ॲसा म्हणाला.

"ती खूप हसायची."

ॲसाने चादर पुन्हा होती तशी घातली. "चिडायची नाही?"

"नाही. म्हणायची, माणूस चांगला आहे, कापडातलं कळत नाही."

स्वयंपाकघरात हेस्टरबाईंनी किल्ली टेबलावर काढून ठेवली होती. ॲसाने ती उचलली आणि तो एकटाच सभागृहापर्यंत चालत गेला. बाकं रिकामी होती. निशाण व्यासपीठामागे लटकलेलं होतं. त्यावर लाल अक्षरांत शाखेचं नाव होतं. ती अक्षरं त्याने कितीदा वाचली होती. खालच्या कडेला निळी वेल होती, एका जागी चुकलेल्या पानासकट. ते पान भरताना अरमिंडाला सुई टोचली होती आणि तिने ते तसंच सोडलं होतं. साखरपुड्याच्या वेळी तिनेच त्याला दाखवलं होतं. त्याने ते पान बोटाने चाचपलं आणि मग कुलूप लावून तो परत आला.

"निशाण कोण धरतं मिरवणुकीत?" त्याने हेस्टरबाईंना विचारलं.

"शाखेतला ओटिस धरतो. तुम्हाला दरवेळी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात."

"शनिवारी मी धरतो. सभागृहापासून चर्चपर्यंत." मग तो टेम्पीकडे वळला. "तू घाल तुझं मांजरपाट. पण कात्री लावायची नाही. सोमवारी मला ते अखंड पाहिजे."

"कापल्याशिवाय झगा होतो होय?" हेस्टरबाई म्हणाल्या.

"ते तुम्ही दोघी बघा. मला कापडातलं कळत नाही."

दोघींनी ते केलं. कापड अंगाभोवती घेऊन चुण्या घातल्या, कच्चे लांब टाके मारले, आणि वर पट्टा म्हणून कापसाची दोरी बांधली. बाह्या मात्र मलमलीच्या होत्या, ट्रंकेतल्या. शनिवारी वारा होता. निशाणाची काठी दोन्ही हातांनी धरावी लागत होती. ॲसा पुढे चालला आणि टेम्पी मागून चालली. वाऱ्याने वेल त्याच्या तोंडावर येत होती, म्हणून त्याला रस्ता नीट दिसत नव्हता. कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी टेम्पीने टाके उसवले आणि ॲसा गाडी घेऊन जिनिंगवर गेला. रुई दाबाच्या पेटीत भरली गेली. जिनिंगवाल्या ब्राऊलीने कापड झटकून पाहिलं.

"याला चुण्या पडल्यात, ॲसा."

"पडल्या असतील."

"आणि हा डाग?"

"काकवीचा. जेवणं झाली."

ब्राऊलीने भोकंही पाहिली, सुईची, ओळीने. "माझ्याकडे ताग पडून आहे. चांगला, कोरा. व्यापाऱ्याला असलं दिसलं तर तोंड वेडंवाकडं करेल."

"करू दे," ॲसा म्हणाला. "दाब आता."

दाब खाली आला. पोलादी पट्ट्या आवळल्या गेल्या आणि कापड ताणून सपाट झालं.